लिंबूले पाणी, शिताफयाले उपास

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी माझ्या गावच्या, धाडच्या स्टँडवर पुण्याच्या एसटीत बसले, तेव्हा माझ्या मांडीवर काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतली दोन रोपं होती. एक कागदी लिंबाचं, एक सीताफळाचं. शेजारी माझे नवे कोरे यजमान नितीन. त्यांनी आपला या झाडांशी काही संबंध नाही असं दाखवण्यासाठी वर्तमानपत्र पूर्ण उघडून धरलं होतं. लिंबाचे काटे त्या वर्तमानपत्रातून आरपार गेले होते. खिडकीखाली आई पदर तोंडाला लावून रडत होती. मुलीचा बापही अशा वेळी काहीतरी गहिवरून बोलतो म्हणतात. माझे बाबा खिडकीचा गज धरून म्हणाले, "लिंबूले पाणी, शिताफयाले उपास. ध्यानात ठेवजो." गाडी हलली तसे चार पावलं सोबत चालले आणि तेच परत एकदा म्हणाले.

बाबांची धाडजवळ थोडी शेती आणि बांधाकडेला रोपांचे वाफे. आमच्या मागच्या डोंगरात सीताफळं आपोआप उगवतात, कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. लिंबाचं मात्र बाबा तान्ह्या बाळासारखं करायचे. माणसांबद्दल ते फारसं कधी बोलले नाहीत. झाडांबद्दल त्यांना थांबवावं लागायचं.

पुण्यात आमचं घर कोथरूडच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर. मागे चार पावलांची माती. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. चाळीस मुलांना एकाच मापानं खाऊ वाटण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. दोन्ही रोपं लावली त्या दिवशीच त्यांनी नियम केला: रोज सकाळी दोघांना एकेक बादली. मी बाबांचं सांगणं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकाला द्यायचं आणि दुसऱ्यानं बघत राहायचं? आपल्या घरात असं नाही चालत."

मी वाद घातला नाही, कारण तेव्हा मी तोंडच कमी उघडत होते. पहिल्याच आठवड्यात मी पंगतीत "मले नको" म्हणाले होते आणि शेजारच्या काकूंना ठसका लागला होता. सासूबाईंनी शांतपणे दुरुस्ती केली होती, "मला नको." वाईट हेतू नव्हता, सवय होती त्यांची. पण त्यानंतर मी प्रत्येक वाक्य आधी मनात पुसून, घडी घालून मग बाहेर काढायची. तेवढ्यात विषय बदललेला असायचा. सगळे म्हणायचे, सून फार शांत आहे. हे धाडमध्ये कुणाला सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. बाबांशी फोनवर बोलायचं तर मी मागच्या मातीत जाऊन, लिंबाआड उभी राहून हळू आवाजात बोलायची.

लिंबाच्या पानांवर एकदा पांढरे-काळे ठिपके दिसले. कावळ्यांची घाण म्हणून सासूबाईंनी फडक्यानं पुसायला घेतली, तर ती घाण चालू लागली. त्या दिवशी सबंध इमारतीनं त्यांचा आवाज ऐकला. मी बाबांना फोन लावला.

"ते पाखराची घाण नोय, अळी हाय," बाबा म्हणाले. "तिचं सोंगच तसं असते. हातानं येचून टाक, फुलपाखरू होते तिचं."

मी सासूबाईंना शुद्ध भाषेत भाषांतर करून सांगितलं. फुलपाखरू होतं म्हटल्यावर त्यांनी अळ्या मारू दिल्या नाहीत. अळ्यांनी पानं खाऊन लिंबू बोडकं झालं. इकडे रोजच्या बादलीनं सीताफळाची पानं पिवळी पडत चालली. त्यावर उपाय म्हणून सासूबाई त्याला ताकाचं पाणीही घालू लागल्या. अशक्तपणा आला असेल, म्हणाल्या.

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये सीताफळाची उरलीसुरली पानंही गळली. एप्रिल आला तरी नुसत्या काड्या. सासूबाईंनी आठवडाभर वाट पाहिली, मग म्हणाल्या, "गेलं गं ते. दारात वाळलेलं झाड नको. रविवारी माळी येतोय." शनिवारी मी लिंबाआड जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी तडक फोन ठेवून दिला. मला वाटलं, दुखावले.

रविवारी सकाळी माळीबुवा कोयता घेऊन आले. त्यांनी खोडाला हात घातला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा. त्याले हात लावू नका."

वरच्या गॅलऱ्यांमधून तीन डोकी बाहेर आली. सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "त्याला."

"त्याले," मी म्हणाले. "माह्या बाबानं देल्लं हाय ते. मेलं असंल तं बाबाच सांगतीन. तोवर कोणी हात लावून राह्यलं तं मी इथंच बसते." आणि मी खरंच झाडाच्या बुंध्याशी फतकल मारून बसले. तीन वर्षांत या घरात मी एका दमात एवढं बोलले नव्हते. नितीन दारात ब्रश तोंडात धरून उभे होते. त्यांनी तो बाहेरही काढला नाही, आतही हलवला नाही.

माळीबुवांनी कोयता खाली ठेवला. "नेमकं कुणाचं ऐकू ते ठरवा," म्हणाले, "तोवर मी चहा घेतो."

त्यांचा चहा संपायच्या आत दारात रिक्षा थांबली आणि बाबा उतरले. हातात कापडी पिशवी, टोपीवर प्रवासाची धूळ. फोन ठेवला होता तो निघण्यासाठी. कुणाशी न बोलता ते सरळ मागे आले, मला "सरक" म्हणाले आणि अंगठ्याच्या नखानं एक काडी खरवडली. आत हिरवं होतं.

"इहीनबाई," ते सासूबाईंना म्हणाले, "झोपलेल्या माणसाले खांद्यावर घेऊन निघालं तं तो काय म्हणंल?"

सासूबाई चष्मा लावून ते हिरवं बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण मी रोज पाणी घालत होते. मग झोपलं कसं?"

"तेच तं. तुम्ही त्याले झोपूच देऊन नाही राह्यल्या. उन्हाळ्यात पानं टाकून निजते ते. मुळ्यांपाशी चिखल करून ठेवला तुम्ही."

दुसरी कुणी असती तर चिडली असती. सासूबाई आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. मध्ये रेघ मारून दोन बाजू केल्या, एकीकडे लिंबू, दुसरीकडे सीताफळ. "सांगा," म्हणाल्या, "पण सावकाश. आणि 'शिताफय' म्हणजे मी सीताफळ लिहितेय." बाबांनी सांगितलं. लिंबाला ऊन भरपूर, पाणी नेमानं पण आळं करून, बुंध्याला चिकटून नाही. शेणखत वेळच्या वेळी. अळीवर दया दाखवायची नाही. सीताफळाला मुरमाड जमीन आवडते, पाणी थोडं, तेही निचरून गेलं पाहिजे. ताक अजिबात नाही. शेवटी बाबा म्हणाले, "पानं गळली तं बोंबलू नये." सासूबाईंनी लिहिलं, "पानं गळल्यास घाबरू नये."

चार दिवसांसाठी आलेले बाबा अठरा दिवस राहिले. सीताफळाच्या मुळाशी विटांचे तुकडे आणि वाळू घालून त्यांनी उंचवटा केला, लिंबाला रुंद आळं केलं. माळीबुवाही रोज येऊ लागले, कोयता घरी ठेवून. सासूबाई दुपारी वाटीभर पाणी लपवून सीताफळाकडे निघायच्या. बाबा खुर्ची टाकून तिथंच बसलेले असायचे. त्या वाटीतलं पाणी मग स्वतःच पिऊन परत यायच्या.

मे सरता सरता काड्यांना कोंब आले. पुढे फुलं आली, पण ती नुसतीच गळू लागली. बाबा फोनवर अडखळले. म्हणाले, "तुह्या सासूले कसं सांगू? ते फूल आधी बाई असते, मंग बुवा होते. उमललेल्या फुलातली पूड ब्रशनं अर्धवट उघडलेल्या फुलाले लावा लागते." मी हे शक्य तितक्या सभ्यपणे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरळ सांग की. मी विज्ञान शिकवलंय." आणि चित्रकलेचा ब्रश घेऊन रोज सकाळी झाडापाशी उभ्या राहू लागल्या.

त्या वर्षी तीन सीताफळं धरली. सासूबाईंनी ती तांदळाच्या डब्यात पिकवली, पहिलं स्वतः खाल्लं आणि पहिल्यांदाच माझ्याशिवाय बाबांना फोन लावला. "बिया फार आहेत हो," एवढंच म्हणाल्या. पलीकडून बाबा काय म्हणाले ते मला कळलं नाही, पण त्या खूप वेळ हसत होत्या.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. लिंबं इतकी येतात की वरचे तिन्ही मजले आमच्याकडून नेतात. बाबा फोन करतात तो सासूबाईंना. खत, अळी, पाऊस, सगळं बोलून झालं की शेवटी त्या फोन माझ्याकडे देतात, तोवर बाबांचं बोलणं संपलेलं असतं.

माझ्या बरोबरीच्यांपैकी जे धाडला राहिले, त्यांना वाटतं मी पुण्याची झाले. जे माझ्यासारखे बाहेर पडले, ते विचारतात, गावचं घर आठवत नाही का. मलाही बरीच वर्षं वाटायचं की आपण दोन्हीकडे पाहुणे झालो. गेल्या दिवाळीनंतर मी माहेरी गेले. ओसरीवर पिशवी टेकवते तोच सासूबाईंचा फोन आला, "पोचलीस का गं घरी?" पाच दिवसांनी परत निघाले, तेव्हा बाबा वाफ्यातून चिखलाचे हात घेऊन उठले आणि म्हणाले, "घरी पोचली की फोन कर."

दोघांनीही 'घर' हा शब्द दुसऱ्याच्या दारासाठी वापरला, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. मी पोचल्यावर फोन केला.