टाळूवरची बॅटरी

भिंगारच्या लष्करी छावणीत जन्मलेल्या बाळाने बापाचं तोंड पाहण्याआधी आमच्या शेजारच्या डॉक्टरांची बॅटरी पाहिलेली असे. तोंडाशी सायकलच्या ट्यूबचं कडं बसवलेली ती बॅटरी आणि एक काळी घोंगडी घेऊन ते कुणाच्याही घरात शिरत, बाळासकट घोंगडीखाली बसत आणि त्याच्या डोक्याला बॅटरी लावून उजेड किती पसरतो ते पाहत. फार पसरला, तर आत मेंदूच्या जागी पाणी. घोंगडीतून हुकूम सुटे, ‘दार लावा! हलू नका!’ एका सुभेदारसाहेबांनी आपल्याच घरात घोंगडीपुढे पाच मिनिटं सावधानमध्ये काढली होती.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. बाळंतपणाच्या सामानाची यादी मी दोनदा तपासली होती. मुलगी सातव्या महिन्यातच येईल, हे तीत नव्हतं. मोसंबीएवढं डोकं. आम्ही तेलाचं बोटही भीत-भीत ठेवत होतो, त्या टाळूवर डॉक्टरांनी थेट बॅटरी टेकवली. सासूबाई कडाडल्या, ‘अवं डाक्टर, पोर हाय का उंदराचं बीळ? काय हुडकताय?’

‘टाळू म्हणजे देवानं ठेवलेली खिडकी आहे, आजी.’

‘मंग त्यो बघंल की! तुमी कशाला डोकावताय?’

उजेड पसरला नाही. आम्ही पेढे वाटले.

आठ महिन्यांनी डॉक्टर सहज आले. बाळाच्या काखांत हात घालून त्यांनी तिला उचललं, आणि तिचे पाय कात्रीसारखे एकावर एक चढले. ते तिथेच फरशीवर बसले. ‘मेंदूतून पायांना निरोप नेणारे पांढरे धागे असतात, बाई. ते दुखावलेत. माझ्या उजेडात ते दिसतच नाहीत. आणि मी तुम्हाला पेढे वाटायला लावले. चुकलंच माझं.’ मुलीच्या पायांनी मी हादरले होतेच; त्यात डॉक्टर माफी मागतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

‘चालेल का हो ती?’

‘ठाऊक नाही. आपण चालवू.’

दिवसातून चार वेळा पाय ताणायचे. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. सकाळची पाळी डॉक्टरांनी मागून घेतली आणि बेसूर भूपाळ्या म्हणत तीन वर्षं चालवली. अखेर एका सकाळी ती अंगणभर चालली, चवड्यांवर. आम्ही सासू-सुना रडत होतो. डॉक्टर मात्र जमिनीला गाल लावून तिच्या टाचा बघत होते. ‘टेकतील हो, टेकतील.’

टेकल्या नाहीत. ती चवड्यांवरच शाळेत गेली, आणि परवा, चोविसाव्या वर्षी, सप्तपदीची सात पावलंही तिनं चवड्यांवरच टाकली. डॉक्टरांना जाऊन सहा वर्षं झाली. सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मी मात्र पाहुण्यांच्या पायांपाशी, जमिनीलगत, उगीचच कुणाला तरी शोधत होते.