दम धरा, भाऊ

तरुबेन पेशंटला श्वास धरायला सांगायच्या आणि सोबत स्वतःचाही धरायच्या. हे त्यांचं त्यांना माहीत नव्हतं. पोटावर गार जेली चोपडायची, यंत्राचा दांडा बरगडीखाली दाबायचा, पडद्याकडे बघायचं, आणि तेवढा वेळ खोलीत दोन माणसं बिनश्वासाची. "सोडा" म्हणाल्या की पहिला सुस्कारा त्यांचाच यायचा. बाकीचे पेशंट छताकडे बघत पडायचे. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो, म्हणून मला कळलं. घाबरट माणसाला डॉक्टरचं तोंड वाचायची सवय असते.

माझ्या घाबरण्याला कारण होतं. सातवीत शाळा सुटली, धुळे जिल्ह्यातलं गाव सुटलं, आणि मी सुरतेला, पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये, कापड रंगवायला लागलो. लिंबायतला एक खोली, लग्न, सगळं रांगेला लागलं होतं. एका वर्षी आमच्या गणेश मंडळानं रक्तदान ठेवलं. बाकीच्यांना सर्टिफिकेट मिळालं, मला बोलावणं आलं. रक्तात बी जातीच्या काविळीचा विषाणू घर करून बसलाय म्हणाले. मला तर काहीच होत नव्हतं. भूक चांगली, काम चांगलं. तिथून मला एका धर्मादाय दवाखान्यात सोनोग्राफीला पाठवलं. तिथं सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर तरुबेन भेटल्या.

बारीक अंगाच्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. स्टूल होतं, पण त्यावर बसायच्या नाहीत. एक चप्पल काढून तो पाय स्टुलाच्या आडव्या पट्टीवर ठेवायचा आणि हलवत राहायचा. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "बेन, कलेजीत काय आहे?"

"कलेजी नको बोलू," त्या म्हणाल्या. "मी जैन आहे. लिव्हर बोल." मग पडद्यावर बोट फिरवत, "हे बघ. कापड थोडं खरबरीत झालंय. फाटलेलं नाही. दर सहा महिन्यांनी मला दाखवायचं."

"पण मला काही दुखत नाही."

"तेच तर! दुखतं तेव्हा सगळे येतात. मला न दुखणारा माणूस पाहिजे."

हेच त्यांचं संशोधन होतं. सकाळी पोटुशा बायकांची रांग संपली की दुपारी त्या आमच्यासारख्यांना बोलवायच्या. ज्यांच्या रक्तात कावीळ मुक्कामाला आहे, किंवा दारूनं ज्यांचं लिव्हर आखडलंय, अशांना पुन्हापुन्हा यंत्राखाली घ्यायचं. कॅन्सर धरायचाच असेल तर तो उगवतानाच धरायचा, मोठा झाल्यावर बघण्यात काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. मोठे डॉक्टर त्यांना हसायचे. हे मजूर लोक, आज इथं उद्या गावाला, परत कोण येतंय? "ते नाही आले तर मी जाईन," बेन म्हणायच्या. भेस्तान भागातला एक लूमवाला, मागावरचा कामगार, त्यांच्याकडे आला तो पोटात पाणी भरल्यावरच आला. पडद्यावर बघायला काही उरलंच नव्हतं, सगळं लिव्हर गाठींनी भरलेलं. त्या दिवशी त्या व्हरांड्यात या टोकाहून त्या टोकाला फिरत होत्या, आणि आमची रांग बघत होती.

'दम धरा' हा शब्द त्यांना मी दिला. झालं असं, की लिव्हर बरगड्यांच्या आड असतं. माणसानं छातीभर श्वास घेऊन धरला की ते खाली सरकतं आणि नीट दिसतं. बेन गुजरातीत ओरडायच्या, "श्वास पकडी राखो!" आमच्याकडचा एक म्हातारा होता, त्यानं चिमटीत नाकच पकडलं. वर, "पकडलं बेन, आता पुढे?" त्या हैराण झाल्या. मी म्हणालो, "बेन, 'दम धरा' म्हणा. कळतं सगळ्यांना."

"दम धरा. अन् सोडायला?"

"दम सोडा."

पण डोक्यात हिंदी घुसलेली. पुढच्याच म्हातारीला त्यांनी आधी ऐटीत "दम धरा" सांगितलं आणि मग मोठ्यानं म्हणाल्या, "हां, आता दम तोडा!"

म्हातारी टेबलावरून खालीच उतरली. "मरी जाऊ का मंग आठेच?"

आम्ही बाहेर हसून लोळलो. बेननं दार उघडून मलाच दटावलं, "तूच शिकवलं ना!" मग मी त्यांना सांगितलं, की आमच्यात 'दम धरा' म्हणजे नुसता श्वास धरा असं नाही, घाई करू नका, धीर धरा, असंही होतं. त्या पाय हलवता हलवता थांबल्या. "हे तर मला माझी सासू रोज बोलते. गुजरातीत." आणि परत पाय हलवायला लागल्या.

असा मी किती वेळा तरी गेलो. प्लेगच्या साली निम्मं लिंबायत गाड्या भरभरून खानदेशात पळालं, बेनचे पेशंटही पांगले. परत आलेल्यांना त्यांनी गल्लीवरून, मिलवरून हुडकून काढलं. "लिंबायत, पिठाच्या गिरणीमागे, त्याचा भाऊ रिक्षा चालवतो," असं त्यांना तोंडपाठ असायचं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, पंखा कुरकुरत होता. बेन म्हणाल्या, "दम धरा, भाऊ." मी धरला. दांडा बरगडीखाली सरकला, थोडा वाकडा झाला, थांबला. मी वाट बघतोय. कानात ठोके पडायला लागले. डोळ्यांपुढे काजवे. "सोडा" काही येईना. शेवटी माझा दम आपोआप सुटला, मी खोकत उठलो आणि बघतो तर बेन अजून तशाच. पडद्याला डोळे लावलेले, ओठ मिटलेले, छाती हलत नव्हती. आणि पाय, तो कायम हलणारा पाय, स्टुलाच्या पट्टीवर गप्प होता.

मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

"काय आहे?"

"दिसतं ते सांगते, नाही दिसत ते नाही सांगत," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या दिवशीही तेच म्हणाल्या, पण हळू. "एक गाठ आहे. लहान. पांढरी दिसते. पांढरी असली की बहुतेक वेळा साधी असते, रक्ताच्या नळ्यांचा गुंता, जन्मापासूनचा. पण तुझ्या लिव्हरमध्ये मी 'बहुतेक'वर झोपू शकत नाही." दुसऱ्याच दिवशी सीटी स्कॅन करायचा ठरला. हातातून औषध सोडतात, ते रंगासारखं लिव्हरमध्ये पसरतं. "तू डाईंगवाला आहेस, तुला कळेल. रंग काठाकडून आत, सावकाश चढला तर गाठ साधी. एकदम भडकला आणि लगेच उतरला, तर वाईट."

असा लगेच उतरणारा कच्चा रंग मी रोज बघत होतो. घरी येऊन मी पिशवी भरली. बायकोला, सुमनला, म्हणालो गावाला काम निघालंय. का निघालो होतो? गावाला गेलो की गाठ सुरतेत राहील, असलं काहीतरी डोक्यात होतं. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. पिशवीत शर्ट घालायचो, काढायचो, परत घालायचो.

तेवढ्यात गल्लीत गलका झाला. रिक्षातून पांढरा कोट उतरला म्हटल्यावर बायका दारात आल्या. "परत प्लेग आला का वो बेन?" कुणीतरी ओरडलं. "नाही नाही! मी पाहुणी आहे!" बेन म्हणाल्या आणि सरळ आमच्या खोलीत. त्यांनी आधी पिशवी पाहिली, मग मला. "दुपारी तुझं तोंड बघूनच वाटलं होतं," म्हणाल्या.

"बठा ना, बेन," सुमन म्हणाली.

"बसली की माझं डोकं चालत नाही."

"त्यासले काय व्हयनं?" माझ्याकडे बोट करून सुमननं विचारलं.

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. बेननं मला हातानं गप्प केलं आणि तिला सगळं सांगितलं. गाठ आहे. कोणती ते माहीत नाही. उद्या माहीत पडेल. आणि हा पळतोय.

सुमन रडेल असं मला वाटलं होतं. तिनं पिशवी उचलली, शर्ट झटकून खुंटीला टांगला आणि म्हणाली, "मी बी येस संगे." एवढंच. मग बेनला चहा टाकला. बेन तो उभ्यानंच, बशीतून, भाजत भाजत प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सीटीच्या गार खोलीत मी एकटा. औषध हातात शिरलं तशी सगळ्या अंगातून गरम लाट गेली. भिंतीतून कुणाचा तरी आवाज यायचा, "साँस रोको." मी रोकायचो. "छोडो." मग फोटो थांबले. आवाज म्हणाला, हलू नका, थोडं थांबून परत काढायचे आहेत. रंग किती सावकाश चढतो ते बघायला थांबावंच लागतं. काचेपलीकडे बेन उभ्या होत्या. फेऱ्या घालत नव्हत्या. मी आयुष्यात इतका वेळ कधी शांत पडलो नाही, आणि त्याही कधी इतक्या शांत उभ्या राहिल्या नसतील.

बाहेर आलो तेव्हा सुमन बाकावरून उठली. बेन आतून आल्या, हातात ओली फिल्म, नजर फिल्मवर. मी त्यांच्या छातीकडे बघितलं. हलत नव्हती.

"बेन," मी म्हणालो, "दम सोडा."

त्यांनी सोडला. केवढा मोठा! बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मग हसू आलं त्यांना, डोळ्यांत पाणीही. "काठाकडून चढला," म्हणाल्या. "सावकाश. पक्का रंग आहे, भाऊ." आणि मग बेन त्या बाकावर, सुमनशेजारी, चक्क बसल्या.

दोन-तीन वर्षांनी त्या नवऱ्याच्या बदलीमुळे सुरत सोडून गेल्या. निरोपाच्या वेळी मी शब्द जमवत राहिलो, त्या घाईत होत्या. "आभार नको," म्हणाल्या. "सहा महिन्यांनी कोणाला तरी पोट दाखव. दुखत नसेल तरी." पायऱ्या उतरताना मागे न बघता हात हलवला.

मी अजून दाखवतो. ती गाठ आहे तशी आहे. आता यंत्र रंगीत आहे आणि डॉक्टर पोरगेला आहे. खुर्चीत नीट बसतो, "साँस रोको" म्हणतो, "छोडो"ही वेळेवर म्हणतो. चांगला मुलगा आहे. पण श्वास धरला की मी अजून मान वळवून त्याच्या छातीकडे बघतो. ती आपली आरामात वरखाली होत असते. बरं वाटतं. आणि बेनची फार आठवण येते.