खवीसांनी न दिलेलं बटण

खवीससाहेब नुसती हाक मारायचे तीसुद्धा शिवी हासडल्यासारखी. केजजवळच्या आमच्या दूध डेअरीत ते संगणक विभागाचे प्रमुख, आणि मी पुण्यातली नोकरी सोडून गावाकडं परतलेला त्यांचा प्रोग्रामर. पहिल्याच दिवशी मी मोठ्या हौसेनं त्यांना स्क्रीनवर रंगीत तक्ते दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ह्याच्यानं कुणाचं काय भलं हुतंय?" मी निर्णयप्रक्रिया वगैरे सुरू केलं. "मंग पुस ते," म्हणाले आणि एकटेच चहाला गेले. खवीस हे नाव ज्यानं ठेवलं तो मवाळ माणूस असणार.

आमच्याआधी डेअरीत दोन सॉफ्टवेअर येऊन गेली होती. दोन्ही वेळा चेअरमननी नारळ फोडला, पेढे वाटले, आणि दोन्ही सॉफ्टवेअर वाया गेली. कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर यंत्र दुधाची डिग्री मोजायचं, पाणी घातलं असेल तर ती कमी लागायची. पण स्क्रीनवर 'दुरुस्ती' नावाचं बटण होतं. चेअरमनच्या मेहुण्याचं पाणचट दूध आलं की केंद्राचा चालक ते दाबून आकडा चढवायचा. मग सरपंचाच्या भावासाठी, मग स्वतःच्या साडूसाठी. शेवटी आमचं दूध विकत घेणारी शहरातली कंपनी टँकर परत धाडू लागली. असंच चाललं असतं तर डेअरीला कुलूप लागणार होतं, आणि चार गावांच्या चुली त्या दुधावर पेटायच्या.

नवं सॉफ्टवेअर करताना खवीसांनी एकच हुकूम काढला. "बटण न्हाई." मी म्हणालो, साहेब, कधी यंत्र चुकलं तर? "मशीन चुकली तर मशीन बदलू. सॉफ्टवेअर मशिनीत चालत न्हाई बे, गावात चालतं. आन् गाव पैलं बटण हुडकतंय." चेअरमननी बोलावून गोडीत सांगितलं, माणुसकी म्हणून एक बटण राहू द्या. खवीस म्हणाले, "ठिवतो की. पण जेच्यासाठी दाबलं त्याचं नाव केंद्राच्या भिंतीवर लागंल. तुमच्या मेव्हण्याचं पैलं लिहू का?" चेअरमन हसले. तुमचं कुणी कॅन घेऊन आलं की बघू, एवढंच बोलले.

तसंच झालं. सॉफ्टवेअर सुरू झालं त्या सकाळी खवीस आणि मी त्यांच्याच गावच्या केंद्रावर उभे होतो. रांगेत त्यांची आक्का होती. आई लवकर गेलेली. ह्या आक्कानंच त्यांना कडेवर वाढवलं, स्वतःची शाळा सोडून त्यांना शिकवलं. आमच्याकडं रीत आहे, घरचं दूध बाहेर जाताना त्यात पाण्याचे चार थेंब टाकायचे, म्हणजे म्हशीला दृष्ट लागत नाही. आक्काचा हात सढळ, ती भरली ओंजळ टाकायची. यंत्रानं डिग्री कमी दाखवली. चालक खवीसांच्या तोंडाकडं बघायला लागला.

"परत कर," खवीस म्हणाले.

"आरं, आईनं लावलेली रीत हाय ती," आक्का म्हणाली. "मी काय चोरटी हाय व्हय?"

"चोरटी न्हाईस. दुधात पाणी हाय. घरी ने."

आक्कानं कॅन डोक्यावर घेतला आणि गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आजपास्नं मला भाऊ न्हाई." मला वाटलं, ह्या माणसाला काळीज नाही, सरळ दगड आहे. त्यांनी चालकाला खेकसून सांगितलं, "बगतूस काय, पुढचा घे."

त्यानंतर बटण मागायची कुणाची छाती झाली नाही. चेअरमनचा मेहुणाही निमूट चांगलं दूध घालू लागला. टँकर परत येणं थांबलं, दुधाला भाव वाढवून मिळाला, तो घराघरात पोचला. खवीसांचं भलं मात्र कुणी केलं नाही. दर भाऊबीजेला ते नवा सदरा घालून आक्काच्या दारात जायचे, ओसरीवर बसायचे, आणि कोरं कपाळ घेऊन माघारी यायचे. दुसऱ्या दिवशी कचेरीत आमच्यावर दुप्पट डाफरायचे. मी एकदा म्हणालो, साहेब, माफी मागून टाका की. "कशाची?" म्हणाले.

यंदाच्या थंडीत ते झोपेतच गेले. आक्का मातीलाही आली नाही. लोकांनी तिला दगड म्हटलं. खवीसांच्या जागी आलेला साहेब फार गोड माणूस, सगळ्यांना चहा विचारतो. आल्या आल्या त्यानं नारळ फोडून दुरुस्तीचं बटण बसवलं.

परवा मी खवीसांच्या गावच्या केंद्रावर होतो. इतक्या वर्षांनी आक्का कॅन घेऊन रांगेत उभी राहिली. ओंजळ तीच, डिग्रीही तशीच कमी. चालक लाचारपणे हसला. "असू द्या, आक्का. आता बटण हाय."

"काय हाय?"

"बटण. दाबलं की झालं. तुमचं दूध घेतो मी."

आक्कानं कॅनचं झाकण लावलं.

"माझ्या भावानं मला दिलं न्हाई," ती म्हणाली, "ते तू कोण रं देणारा?"

कॅन डोक्यावर घेऊन ती घराकडं चालू लागली. मागचा माणूस पुढं झाला, त्याचीही डिग्री कमी लागली, आणि चालकानं बटण दाबलं.