चोवीस नळ्यांची खंडेनवमी

आजवर मी एकच पूजा इतक्या मनापासून केली, की तिने माझ्या मुलीचं दोन महिन्यांचं संशोधन संपवलं.

मुलगी सई. जन्म दिल्लीचा, मराठी निम्मं हिंदी, पीएचडी चालू. आमचं घर नोएडात आणि तिची लॅब पार दुसऱ्या टोकाला, म्हणून ती मुनिरकात खोली घेऊन राहायची. विषय काय, तर भाताला करपा आणणाऱ्या जिवाणूतले छोटे छोटे आरएनए! तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ह्यांनी (केंद्र सरकारात तीस वर्षं झाली) पोळी मोडता मोडता विचारलं, "पण हे करतात काय?"

"बाबा, बाकीच्या आरएनएंवरून प्रोटीन बनतं. ह्यांच्यावरून काहीच बनत नाही. हे फक्त दुसऱ्याला जाऊन चिकटतात आणि त्याचं काम थांबवतात, नाहीतर पुढे सरकवतात."

"अच्छा! म्हणजे आमच्याच मंत्रालयातले," हे म्हणाले. त्यांना विषय कळला. मला ओ की ठो कळलं नव्हतं, पण मान मी ह्यांच्यापेक्षा जोरात हलवली.

तर ती खंडेनवमी. ज्या हत्यारावर पोट चालतं, त्याची आमच्याकडे त्या दिवशी पूजा होते. सकाळी विळी झाली, शिवणयंत्र झालं, ह्यांचा लॅपटॉप झाला (त्याची दोन बटणं अजून पिवळी आहेत). मग मनात आलं, लेकीच्या हत्यारांना कोण आहे? डब्यात जेवण भरलं, पर्समध्ये हळद, कुंकू आणि अक्षता टाकल्या आणि मेट्रो पकडली.

लॅबमध्ये चिटपाखरू नव्हतं. सई एकटीच, हातमोजे घालून. समोर बर्फात करंगळीच्या पेराएवढ्या चोवीस नळ्या.

"आई, माझा अख्खा थीसिस ह्यांच्यावर आहे. दोन महिने रोपं वाढवली, त्यांना रोग लावला, पानांतून हे काढलं. तासाभरात कुरिअरवाला येईल, बंगळूरला तपासायला जाणार. मी ड्राय आइस घेऊन येते, दस मिनट. कशाला हात लावू नकोस हां, प्लीज!"

"नाही गं बाई! मला काय कळत नाही?"

(इथून पुढचं जरा भरभर सांगते. लाज वाटते.)

आधी फक्त यंत्रांना कुंकू लावलं. मग त्या नळ्यांकडे लक्ष गेलं. ज्यांच्यावर मुलीचा अख्खा थीसिस, त्या बिचाऱ्या कोरड्या राहणार? झाकणांना हळदीचं बोट लावलं. पण नुसत्या झाकणाची पूजा करून आतल्याला काय पोचणार! म्हणून मी एकेक झाकण अंगठ्यानं उघडलं आणि प्रत्येक नळीत एकेक अक्षत टाकली. चोवीसच्या चोवीस. एकीलाही वगळलं नाही, उगाच दुजाभाव नको! वर डोळे मिटून हातही जोडले.

डोळे उघडले तर दारात सई.

"आई... हे पिवळं काय आहे?"

"हळद. शुभ असते."

"आणि आत?"

"तांदूळ. म्हटलं तुझे जिवाणू भातावरचेच, त्यांना ओळखीचं वाटेल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मटकन स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, हातमोजे मला वाचवायला नसतात यार. ह्यांना आपल्यापासून वाचवायला असतात. माणसाच्या बोटांवर असं काहीतरी असतं, ते आरएनए खाऊन टाकतं." मी माझ्या दहा बोटांकडे पाहिलं. ह्याच बोटांनी मी तिला भरवलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"आता सरांना मी काय सांगू? ते येतायत."

"मी सांगते," मी म्हणाले.

तिचे सर तमिळ, कडक, आणि हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. मी उभ्या उभ्याच कबूल केलं, "सर, इसकी कोई गलती नहीं है. मैंने पूजा कर दी."

"कितने ट्यूब?"

"सब."

सर वाकले. एका नळीत तळाला बसलेल्या तांदळाच्या दाण्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मैडम, आज हमारे यहाँ भी आयुध पूजा है. सुबह मैंने भी कार को कुमकुम लगाया. लेकिन बोनेट पर! टंकी खोलकर चावल नहीं डाला."

सई फिस्सकन हसली. आणि हसता हसता रडायलाच लागली.

पुढचे दोन महिने पुन्हा तेच. रोपं, रोग, पानं. त्या वर्षी सई दिवाळीला घरी आली नाही, रोपांना रोगाचं इंजेक्शन देत बसली. मी फराळ घेऊन गेले, पण गेटच्या आत पाऊल टाकलं नाही. डबा पहारेकऱ्याच्या हातात दिला आणि परत येताना मेट्रोत उभ्यानं रडले. ह्यांनी घरी एकच विचारलं, "कशाला हात नाही ना लावलास?"

दुसऱ्या खेपेचे नमुने मात्र झकास निघाले. सई डॉक्टर झाली. थीसिसच्या आभाराच्या पानावर माझ्यासाठी खास मराठीत एक ओळ छापलीय! ते पान मी नोएडातल्या झाडून सगळ्या मराठी बायकांना दाखवलंय. 'माझ्या आईचे मनापासून आभार' एवढं सगळ्या जणी वाचतात. पुढे 'दुसऱ्या खेपेला ती लॅबमध्ये आली नाही, म्हणून' असं आहे, पण पान धरायला अंगठा कुठेतरी ठेवावाच लागतो!