गिरणीवाल्या भाऊंची सुट्टी

बारावीला असताना लोणावळ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्राच्या मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘मक्तेदारी’ असं लिहिलं आणि हा शब्द कोणी कुठे ऐकलाय का, असं विचारलं. मी हात वर केला.

“घरी ऐकलाय मॅडम. मी आरशासमोरून हलले नाही की आई म्हणते, आरशाचा मक्ता घेतलायस का?”

वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या, पण म्हणाल्या, “तुझी आई बरोबर बोलते. शब्द तिथलाच आहे.” मग त्यांनी पुस्तकातली व्याख्या सोपी करून सांगितली. विकणारा एकच. त्याच्या मालाला जवळचा पर्याय नाही. दुसऱ्या कुणाला त्या धंद्यात शिरायला वाट नाही. आणि भाव तोच ठरवणार. शेवटी म्हणाल्या, “प्रकल्पासाठी आपापल्या आसपासचं एक उदाहरण शोधा. जमलं तर त्या माणसाशी बोलून लिहा.”

बहुतेकांनी रेल्वे धरली, काहींनी वीज. मला मात्र व्याख्या ऐकतानाच आमच्या औंढ्यातली गिरणी दिसायला लागली होती. सगळ्या गावात ती एकच. पत्र्याची शेड, दाराशी डब्यांची रांग आणि आत भुवयांपर्यंत पिठाने पांढरे झालेले भाऊ. त्यांचे नियम गावाला पाठ होते. सकाळी बाजरी, दुपारनंतर गहू, तांदूळ फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. रांगेत डबा पुढे सरकवताना कोणी सापडलं तर तो डबा उचलून थेट शेवटी. एकदा आईने बुधवारी तांदूळ नेले, तर भाऊंनी झाकण उघडून पाहिलं आणि तसंच परत लावलं. त्या रात्री आमच्याकडे भाकरीऐवजी खिचडी झाली.

शनिवारी दुपारी गर्दी ओसरल्यावर मी वही घेऊन गेले. भाऊंनी मशीन बंद केलं, पट्टा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, “बोल पोरी. डबा कुटंय?”

“डबा नाही भाऊ. कॉलेजचा प्रकल्प आहे. मक्तेदारीवर. तुमच्यावर लिहायचंय.”

“माझ्यावर?” ते खुशीत खुर्ची पुसायला लागले. मग मी व्याख्या वाचून दाखवली. फडकं हातातच थांबलं.

“म्हंजी मी गावाला नाडतो, आसं लिवणार तू?”

“तसं नाही भाऊ. पुस्तकात...”

“पुस्तक र्‍हाऊ दे. मक्ता काय आस्तो ते मी सांगतो, लिव.” ते पोत्यावर बसले. “माझ्या आज्यानं गावच्या आंब्यांचा मक्ता घेतलता. लिलाव व्हायचा. ज्यानं बोली जिंकली, त्याचा त्या वरसाचा आंबा. बाकी कुणी झाडाला हात लावायचा न्हाई. पन वरीस सरलं की मक्ता बी सरला. पुन्ना लिलाव. मला कुनी गिरणीचा मक्ता दिला न्हाई. दुसऱ्यानं गिरणी टाकली न्हाई, म्हनून मी एकटा हाय.”

मी भराभर लिहीत होते. मला वाटलं, संपलं. मी वही मिटली, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, “गिऱ्हाइकाला पर्याय न्हाई, हे लिवलंय. गिरणीवाल्याला पर्याय आस्तो का, ते लिवलंय का तुज्या पुस्तकात?”

मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न होऊन ती दापोलीकडे गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. घर समुद्रापासून चालत जाण्याइतकं जवळ. भाऊंनी ते घर अजून पाहिलं नव्हतं. लेक माहेरपणाला येऊन जायची, नातवंडं दाखवून जायची आणि जाताना दर वेळी विचारायची, आबा, तुम्ही कधी येणार? एकदा ते बॅग भरून दारापर्यंत गेलेही होते. समोर सात-आठ डबे आणि घरी बाळंतीण असलेली एक म्हातारी. बॅग परत माळ्यावर गेली.

“एक दीस बंद ठेवली तर गाव उपाशी र्‍हातं का काय, मला म्हाईत न्हाई,” भाऊ म्हणाले. “पन मला तसं वाटतं खरं.”

हे सगळं मी प्रकल्पात शेवटच्या पानावर लिहिलं. तोंडी परीक्षेच्या वेळी मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. “हे पुस्तकात नाही,” त्या म्हणाल्या. मी जीभ चावली. त्यांनी मात्र बाजूच्या सरांना बोलावून त्यांनाही वाचायला दिलं.

त्याच दिवाळीत बाबांनी कंपनीच्या बोनसमधून आईसाठी घरघंटी आणली. कपाटासारखी दिसणारी, वर धान्य घातलं की खालच्या डब्यात पीठ. आईला इतका आनंद झाला की पहिल्या दिवशी तिने घरातलं दळण्यासारखं सगळं दळलं, हरभऱ्याची डाळसुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की आपण मंगळवार-शुक्रवारचे डबे बंद केले, हे भाऊंना कळणार. ती खिडक्या लावून दळायला लागली. पण घरघंटीचा आवाज काही लपत नाही. शेजारणी आधी बघायला आल्या, मग वाटीभर काहीतरी घेऊन आल्या आणि आठवड्याभरात डबे घेऊनच यायला लागल्या.

“भाऊंना काय वाटेल गं?” आई मला विचारायची. “तूच तुझ्या त्या प्रकल्पात त्यांना डिवचून आलीस.”

एका रविवारी सकाळी भाऊ स्वतः दारात उभे. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, अंगावर पिठाचा कण नाही. मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. आईने पदर सावरला आणि घाईघाईने म्हणाली, “भाऊ, अहो, घरच्यापुरतीच आणलीय. शेजारणींना नाही म्हणता येत नाही...”

“दावा तरी,” भाऊ म्हणाले.

त्यांनी घरघंटी उघडायला लावली. आत वाकून पाहिलं, पीठ चिमटीत घेऊन चोळलं. “जरा गरम येतंय. सलग चालवू नका, मधी दम खाऊ द्या तिला. एका टायमाला किती घेती?” आईने सांगितलं. त्यांनी मनात काहीतरी हिशेब केला, खुर्चीवर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

“वैनी, मला पाच दीस सुट्टी पायजे.”

“कुणाकडून?” आईला कळेना.

“तुमच्याकडनं. लेकीकडं जायचं म्हनतो. तेवढं पाच दीस गाव सांभाळा.”

आई आधी माझ्याकडे बघत राहिली, मग एकदम हसली. “जा हो भाऊ. बिनघोर जा. पाच काय, आठ दिवस जा!”

भाऊंनी गिरणीला कुलूप लावलं आणि दारावर लावायला माझ्याकडून एक पुठ्ठा लिहून घेतला. दळण कुठे न्यायचं ते त्यावर होतं, आमच्या घराच्या खुणेसकट. लोणावळ्याच्या स्टँडपर्यंत त्यांना सोडायला मी गेले होते. ते एसटीच्या खिडकीतून दोनदा ओरडले, “म्हातारीचा डबा पयला घ्या!”

पहिल्या दिवशी आई राणीसारखी वावरली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर डबे मावेनात. तिसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की सकाळी फक्त गहू, बाजरी संध्याकाळी. एका बाईने रांग मोडली, तेव्हा आईने तिचा डबा उचलून पार तुळशीमागे नेऊन ठेवला. मी हसत सुटले.

“हसू नकोस,” ती म्हणाली. “शिस्त नको का लावायला?”

बाबा कामावरून आले की त्यांना आधी घरघंटी गार झालीय का ते पाहायला लागायचं आणि मग चहा. चौथ्या दिवशी आईच्या माहेरी वास्तुशांत होती. ती गेली नाही. साडी काढून ठेवली होती ती तिने पुन्हा घडी घालून कपाटात ठेवली आणि दारातल्या बाईला म्हणाली, “आणा इकडे.”

सहाव्या दिवशी भाऊ आले. रापलेला चेहरा आणि हातात सुक्या मासळीची पिशवी. नातवाने त्यांना रोज संध्याकाळी समुद्रावर नेलं होतं. “ढोपराएवढ्या पान्यात हुबा र्‍हायलो,” ते सांगत होते, “पायाखालची वाळू सरकती, तवा लय भ्या वाटतं. अन् पुन्ना जावंसं बी वाटतं.” दापोलीतल्या गिरणीत पण त्यांनी एक चक्कर मारली होती. तिथला दगड त्यांना पसंत पडला नव्हता.

त्यांनी जाऊन कुलूप काढलं. पट्ट्याचा तो ओळखीचा फटफट आवाज आला, तशी आमच्या ओसरीवरची रांग आपोआप तिकडे सरकली. आई खाली बसली आणि तासभर उठली नाही.

आता मी कुसगावला एका हॉटेलच्या रिसेप्शनला बसते आणि भाऊ दर मे महिन्यात दापोलीला जातात. यंदा ते विचारायला आले, तेव्हा आई स्वयंपाकघरातूनच मला म्हणाली, “जा म्हणावं, पण तीन दिवस. आणि तांदूळ मी घेणार नाही!”