आईला रडायचे शब्द

आमच्या मुरबे या मच्छीमार गावात माणूस गेलं की बायका नुसते डोळे पुसत बसत नसत. उशाशी बसून, हेल काढून, गेलेल्याचं सगळं आयुष्य सांगत रडत. काय आवडीने खायचा, कुणाशी भांडायचा, कुठल्या वादळातून होडी परत आणली, सगळं. आणि तेही आमच्या बोलीतच. बाई गेली तर सुरुवात तिच्या लेकीने करायची. माझी आई यात पटाईत होती. गावात कुणाकडे मयत झालं की आधी तिला बोलावणं यायचं.

आणि मी? शाळेत 'नाय' म्हटलं की वर्ग खो खो हसायचा, म्हणून मी ती बोलीच टाकून दिली. लग्न होऊन सालवडला आले. नवरा घाटावरचा, कारखान्यात कामाला. चाळीत निम्मी हिंदीच चालायची. आई भेटायला आली की मी तिलाच दटावायचे, "मुलीसमोर नीट बोल, नाहीतर ती तेच उचलेल." मग आई बिचारी नातीशी बोलायचंच टाळायची. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

एका थंडीत मी माहेरी गेले होते. दोघी मिळून बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूवर टांगत होतो. मध्येच आई म्हणाली, "मना कोन रडंल गो? तुला तर कायच येत नाय. बस, आज शिकवते. मी मेली असं समज."

जिवंत माणसाला रडणं म्हणजे घोर अपशकुन. म्हणून ते घरी कुणी शिकवत नसे. मयताला जायचं, ऐकायचं, तिथेच शिकायचं. आई तो नियम मोडायला निघाली होती, यावरून तरी तिला ते किती हवं आहे हे मला कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काय हे अभद्र! शुभ बोल की जरा!" म्हणून मी ओरडले. आईने पुढचा बोंबील उचलला. संध्याकाळच्या एसटीने मी परत आले.

पुढच्याच पावसाळ्यात ती गेली.

मी पोचले तशी बायकांनी मला उशाशी जागा करून दिली आणि सगळ्या थांबल्या. माझ्या तोंडाशी आलं ते निबंधातलं वाक्य, 'आई, तू आम्हाला सोडून गेलीस.' शी! नुसता हंबरडा फुटला, त्यात शब्द एक नाही. बायका वाट बघत राहिल्या.

शेवटी शेजारच्या म्हातारीने मला हाताने बाजूला सारलं आणि माझ्या वतीने, माझ्या आईची लेक होऊन, सुरू केलं. मला गोवर आला तेव्हा आई मला मांडीवर घेऊन रात्रंदिवस बसली होती, मासळी विकायला बाजाराला गेली नव्हती, हे मला त्या म्हातारीच्या रडण्यातून कळलं. माझी मुलगी कानाशी लागून विचारत होती, "त्या काय म्हणतायत?"

"माझे आये गो," म्हणून ती म्हातारी माझ्या आईला हाका मारत होती, आणि मी समोर बसून ऐकत होते.