सरांनी सांगितलंय

दाजींची आणि माझी शेवटची भेट झाली ती भांडणाची. माणूस गेल्यावर असलं काही लिहू नये म्हणतात, पण गोडगोड खोटं लिहायला मला जमत नाही. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं, आणि मी शिरोळहून एसटीनं कोल्हापूरला त्यांना बघायला गेले होते. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांच्यासाठी पेज करायला आत गेली आणि खोलीत आम्ही दोघंच उरलो. इतकी वर्षं मनात ठसठसत असलेला प्रश्न मी तेव्हा विचारून टाकला. म्हटलं, दाजी, आता तरी खरं सांगा, माझ्या प्रणिताला मेडिकल सोडायला तुम्हीच सांगितलं ना? उशीला टेकून बसलेल्या त्या माणसानं माझ्याकडं नीट बघितलं, श्वास घ्यायला थोडा वेळ घेतला… आणि म्हणाले, "व्हय सुमन, मीच सांगितलं." वर हसले. त्या हसण्यानं तर माझं टाळकंच सरकलं. पेज घेऊन आलेल्या अक्काला 'येते' एवढंही न म्हणता मी चप्पल घालून बाहेर पडले. त्याच आठवड्यात पहाटे फोन आला, दाजी गेले म्हणून.

बाहेरच्या जगाला ते मगदूम सर. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि निवृत्त झाल्यावर राजारामपुरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून येईल त्याला पुढं काय करावं ते सांगायचे. दहावीची पोरं यायची, बारावीला आपटलेली यायची, ती तर यायचीच. पण फौजेतून पेन्शनीवर आलेले गडी यायचे, कारखान्यातली नोकरी सुटलेले यायचे, मुलं शाळेत गेल्यावर घरी रिकाम्या बसलेल्या बायका यायच्या. एकदा तर नातवंडं असलेल्या एक बाई आल्या होत्या, त्यांना एल.एल.बी. करायचं होतं. कुणाकडून काही घेणं नाही, उलट अक्काच्या हातचा चहा फुकट. आता तुम्हीच सांगा, असा माणूस बघितल्यावर संशय येईल का नाही? मला तर आलाच. आधी वाटलं, दाजी नगरसेवकाला उभे राहणार, त्याची ही तयारी चालली आहे. निवडणूक आली आणि गेली, दाजी साधे प्रचारालाही फिरले नाहीत. मग वाटलं, पोराला, अभयला, स्थळं बघताहेत. घरबसल्या चांगल्या घरच्या मुली येऊन बसतात, आईबाप बसतात, झालं. अभयनं पुण्यात स्वतःच जमवलं. माझा एकेक संशय असा तोंडावर पडत होता, पण मी काही हार मानणारी नव्हे.

त्यांची एक पद्धत मला कधीच पटली नाही. मूल आलं की आईबापांना ते व्हरांड्यात बसवायचे आणि मुलाला एकट्याला आत घ्यायचे. आईबाप बाहेर चहा पीत एकमेकांची तोंडं बघत बसलेले. अरे, फी आम्ही भरणार, रात्रंदिवस आम्ही राबणार, आणि निर्णय आमच्या पाठीमागं? आत काय चालतं ते ऐकायला मी एकदा मुद्दाम आजऱ्याचे काजू द्यायचं निमित्त काढून स्वयंपाकघराच्या बाजूनं आत गेले आणि पडद्यामागं उभी राहिले. वाटलं होतं, मार्क विचारतील, आवडीचा विषय विचारतील. तर दाजींचा पहिला प्रश्न काय, "घरात सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडतं?" पोरगं म्हणालं, आजोबा. मग दाजी त्या आजोबांबद्दलच विचारत बसले, ते काय करतात, कुणाचं ऐकतात, कुणाला मानतात. करिअरचा शब्द नाही. मी काजूची पिशवी ओट्यावर ठेवली आणि मनाशी म्हटलं, हा माणूस लोकांच्या घरातल्या भानगडी गोळा करतोय.

तरीही प्रणिताला मी त्यांच्याकडं पाठवलं, आणि स्वतःच्या पायानं चालत नेऊन पाठवलं. पोरगी हुशार. नीटला इतके मार्क पडले की एम.बी.बी.एस.ला सहज नंबर लागला असता. आमच्या घरात कुणी डॉक्टर नाही. मी तर तिच्या नावाची पाटी कुठल्या चौकात लागेल इथपर्यंत जाऊन पोचले होते. मला दाजींकडून फक्त एवढंच हवं होतं की कॉलेज कुठलं घ्यावं. व्हरांड्यात मी बसले, पोरगी आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आई, मी व्हेटर्नरीला जाणार. काकांनी सांगितलंय." माणसांची डॉक्टर व्हायला आत गेलेली पोरगी म्हशींची डॉक्टर होऊन बाहेर आली होती. दाजी तिच्या मागं दारात उभे होते. मी त्यांना नको नको ते बोलले, अगदी त्यांच्या विद्यार्थ्यांदेखत. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले एवढंच की पोरीचा हात त्या कामाला चांगला आहे, मीच तिला सुचवलं.

घरी येऊन मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं. अभयला दोनदा परीक्षा देऊनही मेडिकल मिळालं नव्हतं. स्वतःच्या पोराला जे मिळालं नाही ते मेव्हणीच्या पोरीला कसं मिळू द्यायचं… माणूस कितीही शिकलेला असला तरी पोटात हे असतंच. हे मी आमच्या घरच्यांना सांगितलं, जावेला सांगितलं, अक्कालासुद्धा आडून सांगितलं. अक्का गप्प. तिच्या त्या गप्प राहण्याचाही मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. पुढं प्रणिता शिकली, सरकारी दवाखान्यात लागली, पंचक्रोशीतले लोक रात्री-अपरात्री तिला गाडी पाठवून नेऊ लागले, आणि तरीही लग्नकार्यात कुणी "मुलगी डॉक्टर ना?" असं विचारलं की मी "हो" म्हणून विषय बदलायची. अक्काच्या घरी मी जात राहिले, पण दाजींशी कामापुरतंच बोलायचं, त्यांनी विचारलं तर उत्तर द्यायचं, असं चाललं होतं.

दाजी गेल्यावर अक्काच्या सोबतीला मी तिथंच राहिले. भेटायला माणसांची रीघ. आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या संशयी डोक्यानं एक गोष्ट टिपली. ज्या मुलांना ते भेटलेले ती मुलं ढसाढसा रडत होती, आणि त्यांचे आईबाप मात्र जरा अवघडून, कोपऱ्यात बसत होते. एक गृहस्थ जयजिनेंद्र करून बसले आणि थोड्या वेळानं मला हळूच म्हणाले, सर देवमाणूस होते, पण आमच्या पोराच्या बाबतीत त्यांचं चुकलं हं. फौंड्री सोडून पोरगं स्वयंपाक शिकायला गेलं. दुसऱ्या बाई म्हणाल्या, आमच्या मुलीला सरांनीच बँक सोडायला लावली. तिसऱ्याच्या पोराला त्यांनीच बँकेत जायला लावलेलं. एकच माणूस एकाला जा म्हणतो, एकाला सोड म्हणतो, हे कसं? आणि सगळ्यांचं वाक्य मात्र तेच: सरांनीच सांगितलं. मला हे नॉर्मल वाटेना.

त्या संध्याकाळी प्रणिता आली होती. दिवेलागणीच्या आधी जेवणं उरकून आम्ही मागच्या दारी भांडी आवरत होतो. मी तिला म्हटलं, तुझे काका लोकांच्या पोरांना वाट्टेल ते सांगत फिरायचे असं दिसतंय. मग तिनं सांगितलं ते असं. काकांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. आत गेल्यावर तीच म्हणाली होती की मला जनावरांचंच करायचंय. पुराच्या वर्षी आम्ही सगळे सामान वर चढवत होतो तेव्हा ही पोरगी आमच्या म्हशी घेऊन उंचावरच्या हायवेवर जाऊन राहिली होती, एक म्हैस तिथंच व्याली, तेव्हापासून तिच्या डोक्यात हे होतं. काकांनी ऐकलं आणि विचारलं, घरात मोठ्यानं कोण ओरडतं? ती म्हणाली, आई. मग ते म्हणाले, "मग आईला तू सांगू नको. मी सांगितलं म्हण. मला शिव्या घालू दे."

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस की गं सरळ. प्रणितानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तू मला ओरडली असतीस तर मी ऐकलं असतं आई. तू त्यांना ओरडलीस, म्हणून मला जाता आलं."

अक्काला हे सगळं माहीत होतं. एकेका घराचं माहीत होतं. मी तिला विचारलं, तुला राग नाही आला, सगळं गाव तुझ्या नवऱ्याला नावं ठेवतंय आणि तू चहा देत बसलीस? ती म्हणाली, यायचा की. एकदा मी त्यांना बोललेही. तर म्हणाले, मास्तराला शिव्या पडायच्याच, पोरांना निदान त्यांचा उपयोग होऊ दे. खरं सांगते, मला त्या रात्री दाजींचा फार राग आला. मरायला टेकलेला माणूस, खोलीत तिसरं कुणी नाही, पोरगी कधीचीच नोकरीला लागलेली… तेव्हा तरी खरं बोलायला काय झालं होतं? आणि तोच राग रडण्यात कधी गेला ते मला कळलं नाही.

आता पुढचं सांगते, त्यातली माणसं आणि गाव मी बदललेलं आहे, तेव्हा कुणी शोधत बसू नये. गारगोटीकडचे समजा. बरेच दिवस उलटले होते, मी अजून अक्काकडंच होते. एका सकाळी दारात एक म्हातारे गृहस्थ उभे, डोक्याला पांढरी टोपी, आणि मागं तिशीतली सून, छातीशी पिशवी घट्ट धरलेली. या पावणं, म्हटलं, बसा. म्हातारबुवा बसायलाही तयार नव्हते. मगदूम सर कुठं आहेत म्हणाले. सून दोन पोरांची आई, आता नर्सिंगचा कोर्स करायचा म्हणतीय. मागल्या सोमवारी कोल्हापूरला आलेली, तेव्हा म्हणे सरांनी सांगितलं. "मला न्हाय पटत," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, तोंडावर इचारूया."

माझ्यासारखाच माणूस की. मला त्यांची नजर ओळखीची वाटली. मागल्या सोमवारी! दाजींना जाऊन तेव्हा कितीतरी दिवस झाले होते. बाई बहुतेक आली असणार, दारातनं फोटो बघून परत गेली असणार, आणि घरी जाऊन नाव मात्र त्यांचंच सांगितलं असणार. खोटं पकडण्यात माझा हातखंडा; हे तर आयतंच हातात आलं होतं. मी सुनेकडं बघितलं. तिनं पिशवी आणखीच घट्ट आवळली होती. आणि तेवढ्यात म्हाताऱ्यांना भिंतीवरचा फोटो दिसला, चंदनाचा हार दिसला.

"सर गेलं? कवा?"

"परवाच," मी म्हटलं.

"म्हंजे सोमवारी हुतं?"

"होते की. ह्याच खोलीत बसले होते. तुमच्या सुनेला नर्सिंग कर म्हणाले, मी इथंच उभी होते."

म्हाताऱ्यांनी टोपी काढून फोटोला नमस्कार केला. "जाता जाता सांगून गेलं," ते स्वतःशीच पुटपुटले. "आता कसं मोडायचं…" सुनेनं पदरानं तोंड दाबलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, मीही तिच्याकडं बघितलं नाही. चहा न घेताच दोघं गेली.

मी वळले तर आतल्या दारात अक्का उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. मला वाटलं, ही आता बोलणार, गेलेल्या माणसाची तारीख बदलतेस म्हणून. ती पुढं आली, दाजींची खुर्ची पुसली, जिथं ती रोज असायची तिथं सरकवली.

"सुमे," ती म्हणाली, "कुणीही विचारलं तरी परवाच गेले म्हणायचं."